तुझ्या खुर्चीत चार दिवस

शरयू, तुझ्या खुर्चीत चार दिवस बसून काल नोव्हायला घरी परत आले. पाठ अजून धरलेली आहे. तुमच्या पक्षाला देशाचा अध्यक्ष निवडता येतो म्हणे, पण माणसाला नीट टेकता येईल अशी खुर्ची मांडता येत नाही. तुला जाऊन महिना होत आला. या महिन्यात सगळे तुझ्याविषयी फार गोड बोलले. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर तू जिवंतपणी कधी नव्हतीस इतकी थोर झालीस. दिवाळीच्या कार्यक्रमात जिनं 'ती पॉलिटिक्सवाली' म्हणून तुला मागच्या टेबलावर ढकललं होतं, तिनंच सगळ्यात लांबलचक मेसेज लिहिला. मी काही लिहिलं नाही. मला तुझ्याशी भांडायचं होतं आणि ते ग्रुपवर करता येत नाही.

तर आधी भांडण. मी म्हणत होते ते सगळं खरं निघालं. तुमचं हे राष्ट्रीय अधिवेशन म्हणजे नौटंकी आहे, हे मी तुला तीन वर्षं सांगत होते. तू दर वेळी म्हणायचीस, "नीलिमा, एकदा येऊन बघ, मग बोल." आले बघून. आता बोलते, आणि तू मध्ये बोलू नकोस.

पुस्तकात लिहिलेलं असतं की राज्याराज्यांतले निवडून आलेले डेलिगेट चार दिवस एका प्रचंड हॉलमध्ये जमतात आणि पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतात. माझ्या मुक्ताच्या शाळेच्या पुस्तकातही होतं. प्रत्यक्षात उमेदवार वसंतातच ठरून गेलेला असतो. त्याची छापील पोस्टरं तिथे आपल्याआधी पोचलेली असतात. लग्न लागून, जेवणं उरकून, मुलगी सासरी नांदायला लागल्यावर पाहुण्यांना गोळा करून विचारावं की काय, मुलगी पसंत आहे ना, तसं ते. आणि पाहुणेही असे की डोळे पुसत म्हणतात, हो हो, पसंत आहे.

मी तिथे पोचले तीही तुझ्याच कारस्थानानं. वसंतात त्या शाळेच्या जिममध्ये जिल्ह्यातून डेलिगेटांची निवड होती. तुझी केमो चालू होती, तुला गाडी चालवू देत नव्हते, म्हणून मी ड्रायव्हर होऊन आले होते. डोक्याला तो जांभळा रुमाल बांधून तू माइकसमोर उभी राहिलीस आणि अगदी सहज निवडून आलीस. मी बास्केटबॉलच्या खांबाला टेकून थंडगार कॉफी पीत होते. तू एक फॉर्म घेऊन आलीस. प्रत्येक डेलिगेटमागे एक पर्यायी माणूस लागतो, डेलिगेटला जमलं नाही तर तो बसतो, असं काहीतरी सांगितलंस. "फक्त नाव लागतं गं. जावं लागत नाही. सही कर." मला नागरिक होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. या देशात मी ज्या कागदांवर सही केली त्या प्रत्येकाचा मला पुढे पस्तावा झालाय, हे माहीत असूनही मी सही केली. तुझ्या हाताला सुईचे काळे डाग होते. तुला नाही म्हणणं मला तेव्हा जमलं नाही.

मग तू गेलीस, आणि नियमानं तुझी जागा माझ्याकडे आली. मी आपल्या जिल्ह्यात पक्षाचं काम बघणाऱ्या त्या डेबीला रीतसर ईमेल केली, की शरयू वारली, तिच्या जागी मी येतेय. एका मिनिटात उत्तर आलं. थँक यू फॉर रीचिंग आउट, युवर पॅशन इन्स्पायर्स अस. तुझ्या मरणाची बातमी वाचून त्यांच्या कॉम्प्युटरला माझ्या उत्साहाचं कौतुक वाटलं. मी ते विनयला दाखवलं नाही. तुझा नवरा बिचारा तेव्हा तुझ्या औषधांच्या बाटल्या कुठे परत द्यायच्या ते शोधत होता.

पहिल्या सकाळी आपल्या राज्याच्या डेलिगेटांचा नाश्ता होता, हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये. दारात टेबलावर नावाच्या पट्ट्या मांडल्या होत्या. माझं नाव नव्हतं. तुझं होतं. 'शॅरी' असं, कारण तू त्यांच्या जिभेला त्रास नको म्हणून स्वतःचं नाव छाटून घेतलं होतंस, आणि त्यावरूनही आपण भांडलो होतो. मी पट्टी हातात घेऊन, आता टेबलापलीकडच्या बाईला काय सांगावं, असा विचार करत उभी होते, तेवढ्यात डेबी धावत आली आणि तिनं मला मिठी मारली.

"शॅरी! ओह माय गॉड, युवर हेअर इज बॅक! यू लुक अमेझिंग!"

शरयू, माझ्यापेक्षा तू अर्धा फूट उंच. तुझ्या गालावर तीळ, माझ्या नाकावर चष्मा. तुझा रंग गोरा, माझा नागपूरच्या उन्हातला. तीन वर्षं तू या बाईच्या घरी बसून पाकिटं चिकटवलीस, तिच्या आईला फ्लू झाला तर सूप करून नेलंस. मी म्हटलं, "आय ॲम नॉट शॅरी. शॅरी पास्ट अवे." तोवर ती पुढच्या माणसाच्या गळ्यात पडली होती. तिनं मागे वळून मला अंगठा दाखवला.

दुपारपर्यंत आणखी सहा जणांनी मला शॅरी म्हटलं. दोघांनी माझी तब्येत सुधारल्याबद्दल देवाचे आभार मानले. प्रत्येकाला मी सांगायला तोंड उघडायची आणि तोवर समोरचा हसून पुढे गेलेला असायचा. इतकं हसतात ते लोक, की मधे एखाद्याचं मरण सांगायला फटच सापडत नाही. संध्याकाळी मी ती पट्टी गळ्यात घातली. म्हटलं, जाऊ दे, निदान कुणीतरी तुला चार दिवस जिवंत समजतंय. खरं सांगते, त्यात मला थोडं बरंही वाटलं. आणि त्या बरं वाटण्याची मला चीडही आली.

दुसऱ्या दिवसाचं मी राखून ठेवलंय. आधी बाकीची जत्रा सांगते, कारण ती तू बघायला हवी होतीस.

तिथे आपला फलक आणता येत नाही. मनातलं काही लिहून न्यावं म्हटलं तर दारातच काढून घेतात. पण हॉलमध्ये शेकडो हाताने लिहिलेले फलक! मला आधी कौतुक वाटलं. मग नीट बघितलं तर सगळ्यांवर एकच अक्षर. तोच वाकडा 'ई', तोच ओघळलेला रंग. मागच्या खोलीत बसून पक्षाची माणसं ते 'उत्स्फूर्त' फलक रंगवतात आणि दर भाषणाआधी गठ्ठ्यानं रांगांमधून पाठवतात. पिवळीधमक बंडी घातलेली एक बाई आपल्या रांगेच्या टोकाला उभी असते. तिच्या कानात कुणीतरी बोलतं, ती हात वर करते, की आपण निळा फलक उचलायचा. हात खाली केला की खाली ठेवायचा. भाषण संपलं की गोळा करून न्यायचे. मोठमोठे वकील, प्रोफेसर, म्हातारे युनियन लीडर, सगळे त्या बाईच्या हाताकडे बघत बसलेले. नंदीबैल तरी गुबूगुबू वाजल्यावर मान हलवतो. इथे वाजवणारा दिसतसुद्धा नाही.

राज्यानं आपली मतं जाहीर करायची वेळ आली तेव्हा ही बंडीवाली माझ्याकडे आली आणि तिचा चेहरा पडला. "शॅरी, व्हेअर इज द सारी? वी टॉक्ड अबाउट द सारी." तेव्हा मला कळलं की तू ती आंबा रंगाची पैठणी ने, ने, म्हणून माझ्या मागे का लागली होतीस. त्यांनी तुला सांगितलं होतं की कॅमेऱ्यात पक्षाच्या राज्यातल्या अध्यक्षांच्या मागे, दुसऱ्या रांगेत, तू उभी राहणार. आणि तू कबूलही झाली होतीस. मी काळी पँट नि पांढरा शर्ट घालून गेले होते, एखाद्या हॉटेलात वाढायला असतात तशी. बाईनं मला चौथ्या रांगेत सारलं आणि माझ्या जागी रंगीत टोपीवाला एक उंच माणूस आणून उभा केला. बावीस सेकंद आपलं राज्य टीव्हीवर दिसलं. मुक्तानं तिकडे घरी बसून घड्याळ लावलं होतं. त्यात मी नाही, तू तर नाहीच. शेवटच्या दिवशी छतातून फुगे पडले तेव्हा चांगले साठीतले लोक फुगे पकडायला उड्या मारत होते. एक फुगा माझ्या डोक्यावर येऊन बसला. मी तो पायाखाली घेऊन फोडला, आणि शेजारच्या बाईनं मला शाबासकी दिली.

हे सगळं तुला आवडायचं. हे मला कधी समजलं नाही. तू मूर्ख नव्हतीस. प्लँटमध्ये ब्रेकच्या टेस्टिंगला तू होतीस तेव्हा एक खोटं रीडिंग तुझ्या नजरेतून सुटायचं नाही. मग या लोकांचं एवढं खोटं तू कसं गिळलंस?

मला माहीत आहे कसं. मुक्तासाठी. हे आपण दोघींनी एकमेकींशी कधी उच्चारलं नाही, म्हणून आता लिहिते.

मुक्ता चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत आम्ही नोव्हायमध्ये पोक्त झालो आणि ती मोठी झाली. इथल्या शाळेत रोज सकाळी छातीवर हात ठेवून प्रतिज्ञा म्हणणारी माझी पोर एकवीस वर्षांची झाली, आता सज्ञान म्हणून नियमानं आमच्या फाईलवरून तिचं नाव गळून पडलं आणि तिला इथे राहता येईना. आमचं कार्ड त्यानंतर आठ महिन्यांनी आलं. आठ महिने, शरयू. तोवर ती टोरोंटोला गेली होती. इकडच्या आपल्या लोकांत प्रत्येक आईबापाला ही एकविसाव्या वाढदिवसाची भीती असते, पण पॉटलकच्या जेवणाला जमल्यावर कुणी ती काढत नाही. घराच्या किमतींवर बोलतात.

ती गेली त्या दिवशी आमच्या वकिलानं सांगितलं होतं की फाईल नाजूक जागी आहे, देशाबाहेर पाऊल टाकू नका. मला माझ्या मुलीला पोचवायला कॅनडाचा पूल ओलांडता येत नव्हता. तू तुझी व्हॅन घेऊन सकाळी दारात आलीस. काही विचारलं नाहीस, सामान भरलंस, तिला पुढे बसवलंस आणि गेलीस. मी ड्राइव्हवेवर उभी राहून हात हलवला. दुसऱ्या दिवशी तू परत आलीस आणि मला एकेक सांगितलंस. खोलीला खिडकी आहे, समोर लाँड्री आहे, मालकीणबाई गुजराती आहे, गादी कडक होती म्हणून वर एक जाड रजई घेतली. मी तुला थँक यू सुद्धा म्हटलं नाही. आई म्हणून जे मी करायला हवं होतं ते तू केलंस, याचा मला तुझ्यावर राग आला होता. असा राग येतो माणसाला. तुला तो कळला असणार, कारण त्यानंतर आठवडाभर तू रोज येऊन बसायचीस आणि फक्त भाजी निवडायचीस.

पुढे काही वर्षांनी तू सांगितलंस की तू पक्षाचं काम करणार आहेस आणि या मुलांसाठी काहीतरी करून घेणार आहेस. तुझ्या किचनमध्ये उभी राहून मी तुला काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. "तुझे दोघंही इथे जन्मले. पासपोर्ट घेऊनच बाहेर आले. तुला काय जातंय भाषणं करायला?" पुढ्यातली कोथिंबीर निवडून झाली होती, ती तू पुन्हा निवडत बसलीस. आणि पुढच्या शनिवारी बर्फात दारं ठोठवायला बाहेर पडलीस.

तीन वर्षं तू एका ओळीसाठी झगडलीस. पक्षाच्या जाहीरनाम्यात एक ओळ. कायदेशीर मार्गानं इथे आणलेली आणि इथेच वाढलेली मुलं एकविसाव्या वर्षी परकी ठरू नयेत. बस, एवढीच. त्यासाठी तू डेबीची पाकिटं चिकटवलीस, त्यांच्या ऑनलाइन सुनावणीत दोन मिनिटं बोलता यावं म्हणून पाच तास कॅमेऱ्यासमोर बसलीस, आणि साडी नेसून त्यांच्या फोटोत उभी राहिलीस. मी हसायची. "जाहीरनामा छापणारेसुद्धा वाचत नाहीत गं," असं म्हणायची. मसुद्यात ती ओळ आली तेव्हा तू मला केमोच्या खुर्चीतून फोन केलास आणि मी म्हटलं, "बघू टिकते का." अभिनंदनसुद्धा केलं नाही. खरं म्हणजे मला आशा करायची नव्हती. आठ महिन्यांनी हुकलेल्या माणसाला आशा परवडत नाही. पण हे तुला सांगायच्या ऐवजी मी तुझी टर उडवली.

ओळ टिकली नाही. जुलैत शेवटचा जाहीरनामा त्यांच्या वेबसाइटवर आला. मी शोधलं, दोनदा शोधलं, मग एकेक पान वाचलं. देशातल्या मधमाश्यांविषयी परिच्छेद होता. आपल्या मुलांविषयी एक शब्द नव्हता. कुठल्या तरी बंद खोलीत कुठल्या तरी शहाण्यानं ती ओळ काढली होती आणि तुला एका शब्दानं कळवलं नव्हतं. तुझ्या तीन वर्षांना वाटाण्याच्या अक्षता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, मी तुझ्याकडे आले. सोफा हलवून तिथे शेवटच्या दिवसांत घरी येणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी पलंग लावला होता. विनय औषध आणायला गेला होता. तुझं अंग मुठीएवढं राहिलं होतं, पण तू उशीवर सरकून बसायचा प्रयत्न केलास.

"फायनल आलाय ना?" तू विचारलंस.

"आला."

"माझी ओळ आहे?"

"आहे."

"कितव्या पानावर?"

"बेचाळीस," मी म्हटलं. कुठून आला हा आकडा कोण जाणे.

तू डोळे मिटलेस. ओठांना जरासं हसू आलं. मग म्हणालीस, "मग तू जाच, नीलिमा. माझ्या जागी आपलं कुणीतरी बसायला हवं." मी म्हटलं, मेले तरी त्या नौटंकीला जायची नाही. तू म्हणालीस, "मरायचं काम माझ्याकडे आहे. तू फक्त जा." मी कबूल झाले. खोटं बोलले होते ना, मग आणखी काय नाही म्हणणार? पुढच्या आठवड्यात तू गेलीस. एवढंच समाधान मी धरून बसले होते, की शरयू निदान सुखात गेली.

आता अधिवेशनाचा दुसरा दिवस. संध्याकाळी जाहीरनामा मंजूर करायचा होता. माझ्या शेजारी वरच्या मिशिगनमधला अर्ल नावाचा दूधवाला शेतकरी, त्याच्या टोपीला पंचवीस-तीस बिल्ले. मंचावर एक बाई आल्या आणि समोर बघून वाचायला लागल्या. मला काय सुचलं माहीत नाही, मी मागे वळून बघितलं. हॉलच्या मागच्या बाजूला, वक्त्यांना वाचायला, एक मोठा पडदा टांगलेला असतो. त्यावर त्यांचं पुढचं वाक्य सरकत होतं. जे अनुकूल असतील त्यांनी 'आय', म्हणजे हो, म्हणावं. त्याच्याखाली, जे प्रतिकूल असतील त्यांनी 'नो' म्हणावं. आणि त्याच्याखाली, आम्ही कुणी तोंड उघडायच्या आधीच, तयार होतं, 'आय' म्हणणाऱ्यांचा विजय झाला आहे, जाहीरनामा मंजूर.

निकाल छापून मत मागत होते, शरयू. यासाठी तू बर्फात फिरलीस.

हॉल 'आय' म्हणून गरजला. बाईंनी 'नो' विचारलं आणि श्वाससुद्धा न घेता पुढचं वाक्य धरलं. त्या अर्ध्या श्वासात मी उभी राहिले आणि ओरडले, "नो!" माझ्या आयुष्यात मी एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. मुक्ता गेली तेव्हासुद्धा नाही. पण तोवर बँड सुरू झाला होता. पिवळ्या बंडीनं हात वर केला होता आणि लोक निळे फलक नाचवत होते. मी त्या फलकांच्या मधोमध उभी राहून आणखी दोनदा 'नो' म्हटलं. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही.

अर्लनं बघितलं. त्यानं माझ्या पट्टीकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. "यू आर नॉट शॅरी," तो म्हणाला.

"नो," मी म्हटलं. "शी डाइड. आय ॲम हर फ्रेंड."

त्यानं ती बिल्ल्यांची टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि बँड थांबेपर्यंत तसाच बसून राहिला. दोन दिवसांत तुला ओळखणारा तो एकटा निघाला. 'आय' मात्र त्यानंही म्हटलं होतं, तेही जोरात. मी ऐकलं होतं.

मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि मुक्ताला फोन लावला. तिला सगळं सांगितलं. ओरडल्याचं, आणि त्याच्या आधीचंही. म्हटलं, तुझ्या शरयूमावशीशी, ती मरत असताना, मी खोटं बोलले. ओळ नव्हती आणि मी आहे म्हणाले. हे मी महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "आई, शी न्यू."

"काय?"

"मावशीने मला वेन्सडेला कॉल केला होता. तिला अक्षरं हलताना दिसायची ना, सो शी मेड मी रीड द होल थिंग. सगळी पानं. मी वाचलं. ओळ नव्हती. मी तिला सांगितलं."

"बुधवारी? मी गुरुवारी गेले होते."

"आय नो. तू गेल्यावर तिने परत कॉल केला. तू पेज फॉर्टी टू म्हणालीस ना? आई, शी लाफ्ड सो हार्ड, तिला खोकला लागला."

मी भिंतीला टेकले. समोर पॉपकॉर्नची रांग होती. "मग मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"शी सेड, तिथे पोचल्याशिवाय सांगू नकोस. नाहीतर ती जायचीच नाही." मग तिचा आवाज बदलला. तुझे शब्द तिनं मराठीत पाठ करून ठेवले होते, सावकाश, एकेक जुळवत म्हणाली. "मावशी म्हणाली, 'माझ्यानं त्या लोकांना नाही म्हणवत नाही गं. कधीच म्हणवलं नाही. तुझी आई म्हणेल. म्हणून तिला पाठवतेय.'"

शरयू, महिनाभर मला रडू आलं नव्हतं. स्मशानात नाही, तुझ्या घरी नाही. ते त्या पॉपकॉर्नच्या रांगेसमोर आलं, आणि जाणारे-येणारे मला प्रेमानं थोपटत होते, कारण त्यांना वाटलं, जाहीरनामा मंजूर झाला म्हणून बाईला भरून आलं.

उरलेले दोन दिवस मी का थांबले ते तुला सांगायला नको. तुझी खुर्ची होती. त्या लोकांबद्दलचं माझं मत तसूभर बदललेलं नाही. काल निघताना डेबीनं मला पुन्हा मिठी मारली आणि म्हणाली, शॅरी, वी कुडन्ट हॅव डन इट विदाउट यू. या वेळी मी तिचे दोन्ही हात धरून ठेवले, तिला हलू दिलं नाही, आणि तुझं पूर्ण नाव सांगितलं, तू कधी गेलीस ते सांगितलं, आणि कुठली ओळ त्यांनी काढली तेही सांगितलं. तिचं हसू थांबायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ मी हात सोडले नाहीत.

मला तुझी माफी मागायची आहे, किचनमध्ये बोलले त्या वाक्याची. तुझं काय जात होतं ते मला दिसत होतं आणि मी बघत नव्हते. माझ्या लेकीला तू पुलापलीकडे नेऊन पोचवलंस, तेव्हा मी थँक यू म्हटलं नाही, ते आता म्हणते. आणि तुझ्याशी खोटं बोलले, ते आता खरं सांगते, तुला आधीच माहीत असलं तरी. तुझी ओळ नाही, शरयू. कुठल्याच पानावर नाही. तुझी पट्टी गळ्यात घालून, उभी राहून, मी त्यांना नाही म्हणून आले.